दहा बादल्यांची टाकी

ता. ३, सोमवार

दुधाच्या हिशेबाची वही अर्धी कोरी राहिली होती. ती उलटी करून मागच्या बाजूनं सुरू करते आहे. एवढ्यासाठी नवी वही आणायचं कारण नाही.

काल मुलाचा फोन आला होता. त्याच्या बाबांना हल्ली विसर पडतो, ते काय काय विसरतात ते तारीख घालून लिहून ठेव म्हणाला. सतरा तारखेची डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि ते असंच विचारतात म्हणे, कधीपासून, दिवसातून किती वेळा. मी म्हटलं, बरं. मॅट्रिकला निबंधात मी वर्गात पहिली होते, लिहिण्याची मला भीती नाही. पण ज्या माणसाला छत्तीस वर्षं ताट वाढलं त्याची चहाडी लिहायला बसायचं म्हणजे हात आखडतो. म्हणून आधी वर जाऊन देवापुढे बसले आणि ठरवलं की घडेल तेवढंच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही आणि एक गाळायचं नाही.

तर पहिली नोंद. चष्मा डोक्यावर असून अर्धा तास घर उलथंपालथं केलं. नातीला दोनदा स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. गेल्या महिन्यात एका लग्नाला एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून गेले, आणि ते घरी परत येईपर्यंत मलाही दिसलं नाही.

दुसरं म्हणजे गरम पाण्याची टाकी तळाशी पाझरू लागली आहे. खाली फडकं ठेवलं आहे. दिवसातून दोनदा पिळावं लागतं.

ता. ४, मंगळवार

ही टाकी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं असलेलं तांब्याचं पिंप आहे, माझ्या खांद्याएवढं. मुलगा झाला त्या वर्षी ह्यांनी ती स्वतःच्या हातानं बसवली. हे जन्मभर नळजोडणीचंच काम करत आले, पण स्वतःच्या घरचं काम करायला मुलगा व्हावा लागला. उष्णता टिकावी म्हणून मी तिला जुन्या रजईचा अंगरखा शिवून घातला, तेव्हापासून हे तिला बाईसाहेब म्हणतात. सकाळी उठल्यावर आधी तिच्या पाठीवर हात ठेवून बघायचं आणि मग माझ्याकडे चहा मागायचा, असा क्रम आहे.

मुलानं नवी लहान टाकी ठरवली आहे. चौदा तारखेला दोन माणसं ती घेऊन येणार. जुनी तोवर रिकामी करून ठेवा, भरलेली आम्ही उचलत नाही, नाहीतर जागेवर कापून काढू, असं त्यांनी बजावलं आहे. मुलगा फोनवर म्हणाला, आई, बाबांच्या नादी लागू नकोस, मी कुणाला तरी पाठवतो. फोनचा आवाज मोठा असतो. हे शेजारीच बसले होते.

रागावले नाहीत. पायाचा अंगठा हलवत होते तो तेवढा थांबला. खूश असले की ह्यांचा उजवा पाय आपोआप हलत असतो. मग म्हणाले, "मी बसवली, मीच रिकामी करणार."

ह्यांचा गुडघा गेल्या वर्षापासून जिना चढू देत नाही आणि वाकू तर मुळीच देत नाही. मी ते बोलून दाखवलं. तर म्हणतात, हात तुझे, डोकं माझं. मी म्हटलं, या घरात आजवर उलटंच चालत आलं आहे. हसले.

ता. ५, बुधवार

आज पहिला प्रयत्न झाला. ह्यांनी सांगितलं तसं लिहून ठेवते, म्हणजे काही चुकलं तर कळेल.

काल रात्रीच वीज बंद केली, पाणी निवू दिलं. माळ्यावरच्या छोट्या टाकीतून हिच्यात पाणी येतं, त्या नळीचा कॉक बंद केला. तो इतका घट्ट की दोन्ही हातांनी पाना धरून लोंबकळावं लागलं. मग वरच्या मजल्यावर जाऊन न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडला. मग खाली येऊन टाकीच्या तळाच्या कॉकला रबरी नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बादलीत सोडलं.

वरचा नळ कशाला उघडायचा ते मला कळेना. त्याच्यातून दोन थेंब पडतात आणि संपतं. ह्यांनी समजावून सांगितलं की तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, एकातून तेल येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते, तसं हे. पूर्वी टाकीच्या डोक्यावरून हवेची वेगळी नळी होती, ती क्षार धरून केव्हाच बुजली, म्हणून आता वरचा नळ हेच दुसरं भोक. मी हो हो म्हटलं. लक्ष खरं म्हणजे बादल्यांकडे होतं. टाकीत दहा बादल्या पाणी, म्हणजे ते टाकायचं कुठे हाच माझा प्रश्न. दोन बादल्या फरशीला, दोन कपडे भिजवायला, बाकीचं झाडांना आणि शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना, त्यांच्याकडे सकाळपासून पाणी नव्हतं.

पहिली बादली भरली. दुसरी भरली. तेवढ्यात दिवेलागण झाली. हे म्हणाले, तू जा तुझ्या देवाकडे, नळी मी धरतो. मी वर गेले, हातपाय धुतले, न्हाणीघर जरा नीटनेटकं केलं, नळ घट्ट पिळले, देवापुढे दिवा लावला, जप केला. खाली येते तर नळी कोरडी. हे बादलीकडे बघत बसलेले.

म्हणाले, वरचा नळ उघडा आहे ना. मी म्हटलं, आहे, माझ्या हातानं उघडला आहे. मग म्हणाले, तर मग गाळ असणार, तळाच्या कॉकच्या तोंडाशी बसला असेल. मी तारेनं ढोसून पाहिलं. काही निघालं नाही.

शेवटी ह्यांनी असं ठरवलं की परत पाणी भरायचं, म्हणजे उद्या पूर्ण दाबानं सोडलं की गाळ निघून येईल. मी तळाचा कॉक बंद करून माळ्याकडच्या नळीचा उघडला. टाकी भरत आली तसं म्हणाले, आता वर जाऊन नळ बंद कर, नाहीतर तिकडे वाहत बसेल. वर गेले तर तो आधीच बंद होता. बरं झालं, एक काम वाचलं.

बादल्या: दोन.

ता. ६, गुरुवार

आज सकाळीच सुरुवात केली. माळ्याकडचा कॉक बंद केला, वरचा नळ उघडला, खालचा उघडला. पाणी छान आलं, बरोबर तांबडे पापुद्रे आले. हे खुर्ची ओढून जवळ बसले होते, पापुद्रा बोटावर घेऊन मला दाखवला, सोनं दाखवावं तसा. म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं, गाळच होता. पाय हलत होता.

दीड बादली झाल्यावर आणखी एक फडकं लागलं म्हणून वर गेले. वर गेल्यावर नुसतं फडकं घेऊन यायचं ही माझी रीत नाही. दोरीवरचे कपडे काढले, साबणाचा तुकडा वाया चालला होता तो दुसऱ्या वडीला चिकटवला, न्हाणीघर आवरलं. सैल दिसेल ते घट्ट करायचं, उघडं दिसेल ते झाकायचं, हे माझ्या हाताला शिकवावं लागत नाही. माझी आई म्हणायची की हिला झोपेत उठवलं तरी ही आधी नळ बघेल.

खाली आले तर पुन्हा तेच. धार बारीक होत होत बंद.

ह्यांनी विचारलं, वरचा नळ उघडा आहे ना. म्हटलं, आहे. पाच मिनिटांनी परत विचारलं. जेवताना पुन्हा. मी म्हटलं, अहो, तीनदा सांगितलं. 

हे लिहिताना जड जातं, पण देवासमोर ठरवलं आहे म्हणून लिहिते. विसर: वरच्या नळाचं एकच पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तर दिलेलं लक्षात राहत नाही.

टाकी परत भरून ठेवली. बादल्या: दीड.

ता. ७, शुक्रवार

आज टाकीला हात लावला नाही. हे दिवसभर कागद पेन्सिल घेऊन बसले होते. घरातल्या सगळ्या नळ्या काढल्या, कुठून निघते, कुठे वळते, कुठे कॉक. भिंतीच्या आतल्यासुद्धा. मुलगा झाला त्या वर्षी पुरलेल्या नळ्या, मी ताडून पाहिल्या तर न्हाणीघरातली एक सांधजोडसुद्धा बरोबर जागेवर होती. मग त्या चित्रावर बोट फिरवत बसले. बोट माळ्यावरून निघायचं, टाकीत यायचं, वर नळापाशी जायचं आणि थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून.

जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही. म्हणाले, कुठेतरी मी चुकतो आहे आणि ते मला दिसत नाही. मग ताटाकडे बघतच विचारलं, "अगं, खरं सांग. मी विसरायला लागलोय का?"

 ही वही फळीवर पिठाच्या डब्यामागे होती. मी उठून ताक आणायला गेले.

ता. ९, रविवार

मुलगा सकाळी आला, जेवून दुपारी गेला. सूनबाई आणि नात आल्या नाहीत, परीक्षा आहे.

त्यानं बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, चला, मी बादल्या उचलतो, बाबा तुम्ही सांगा. ह्यांना बरं वाटलं. मी वरचा नळ उघडून आले. पाणी सुरू झालं. ह्यांनी मुलाला जुन्या गोष्टी सांगितल्या, एका हॉटेलात अशीच टाकी तीन दिवस अडून बसली होती आणि शेवटी आत कुणीतरी पूर्वी विसरलेला स्पंज निघाला. मुलगा हसत होता. असे दोघं बसलेले मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

एक, दोन, तीन बादल्या झाल्या. तिसरी ओतताना मुलाचा शर्ट भिजला म्हणून मी वरून टॉवेल आणायला गेले. टॉवेल न्हाणीघरातच असतो. आणून दिला. तो पुसतो आहे तोवर नळीतून गुळगुळ आवाज आला आणि धार थांबली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, वरचा नळ. मी म्हटलं, अहो, उघडला आहे. मुलाला म्हटलं, तूच होतास ना इथे, मी उघडायला गेले तेव्हा. तो हो म्हणाला. हे म्हणाले, एकदा बघून ये. तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, मी काय खोटं बोलते आहे का. या घरात देवाची शपथ न घेता माझा शब्द चालतो.

मुलानं मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, हे असं रोज चाललंय का, तोच तोच प्रश्न. मी वही दाखवली नाही, पण मान हलवली. तो परत गेला आणि खाली बसून म्हणाला, "बाबा, राहू दे आता. ती माणसं कापून नेतील."

 ह्यांनी काठीनं कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी पुढे सारली. पाने, पकडी, करवती, सगळं तेल लावून कापडात गुंडाळलेलं असतं. म्हणाले, "ही पण घेऊन जा. कुणा कामाच्या माणसाला दे."

मुलगा म्हणाला, अहो बाबा, तसं नाही. पण पिशवी परत कोपऱ्यात कुणी ठेवली नाही. जाताना त्याच्या हातात सामान फार होतं, चौदा तारखेला येईन तेव्हा नेतो म्हणाला. पिशवी दाराशीच आहे. येताजाता पायाला लागते.

आज टाकी परत भरली नाही. आता कशासाठी. तळाचा कॉक तसाच उघडा, नळी बादलीत, थेंब थेंब.

बादल्या: तीन.

ता. १०, सोमवार

टाकीबद्दल एक शब्द नाही. सकाळी तिच्या पाठीवर हातही ठेवला नाही.

पण दुसरंच सुरू झालं. गोळी घेतली का ते मला विचारलं. घेतली होती, मीच पाणी दिलं होतं. आज वार कोणता ते विचारलं, स्वतःच सोमवार म्हणाले आणि मग माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे ना अशा नजरेनं. दाराला कडी लावली आणि परत जाऊन पाहून आले. शिवणकामवाल्या बाईंनी बादल्यांचे आभार मानले आणि विचारलं, कसे आहात, तर म्हणाले, हिला विचारा, हिला माहीत असतं.

हे सगळं विसर या सदरात लिहायचं का, मला कळत नाही. आठ दिवसांपूर्वी हे नव्हतं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारा माणूस होता तो, पण शोधताना घरभर ओरडायचा तरी. आता चष्मा हरवला तर न विचारता बसून राहतो.

संध्याकाळी देवाला साकडं घातलं. मागणं लहान होतं. ह्यांचा गुडघा बरा कर असंही म्हटलं नाही. म्हटलं, देवा, एवढी टाकी रिकामी होऊ दे, ह्यांच्या हातून. मग नवी येऊ दे की काही येऊ दे.

ता. ११, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी हे खाली स्वयंपाकघरात खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. मी वरच्या खोलीत वही घेऊन बसले. मुलाला पाठवायची तर बादल्यांची बेरीज करून ठेवावी म्हटलं. दोन, दीड, तीन. साडेसहा. बेरीज तपासायची म्हणून मागची पानं वाचत गेले, कारण दीडची बादली मोजली की नाही याची शंका होती. वाचता वाचता पाच तारखेपाशी आले. नळ घट्ट पिळले, देवापुढे दिवा लावला.

कोणते नळ?

पुढे वाचलं. वर गेले तर तो आधीच बंद होता, बरं झालं. सहा तारीख, न्हाणीघर आवरलं, सैल दिसेल ते घट्ट. नऊ तारखेला असं काही लिहिलेलं नव्हतं. पण टॉवेल न्हाणीघरातच असतो हे लिहिलं होतं.

उठून न्हाणीघरात गेले. गरम पाण्याचा नळ बंद होता. नुसता बंद नाही, माझ्यासारखा बंद. मी बंद केलेला नळ या घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही, मुलगा लहानपणी रडायचा त्यावरून. रविवारी मी तो उघडला होता, हे देवाशपथ खरं. आणि टॉवेल घेताना तो बंद केला असणार, हेही तितकंच खरं, आणि ते मला काही केल्या आठवत नाही. हात आठवतो का काही? तो करतो आणि मोकळा होतो.

तिथेच उभी राहिले. मी रोज नळ पिळून मग देवापुढे जाऊन बसत होते आणि टाकी रिकामी कर म्हणत होते. देवानं तरी काय करावं.

मग नळ उघडला. पाणी आलं नाही. नळानं आत श्वास ओढला. लांब, सूं असा, खूप वेळ दम कोंडलेल्या माणसानं घ्यावा तसा. आणि खालून बाईसाहेबांच्या पोटात गडगडल्याचा आवाज आला, आणि लगेच ह्यांचा.

"वर कोणी नळ उघडला?"

मी जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरले. हे खुर्चीतून उठून काठी टाकून टाकीपाशी उभे होते. नळीतून मनगटाएवढी धार पडत होती आणि बादली भरून वाहायला आली होती. मला म्हणाले, आधी बादली बदल, मग बोल. बदलली. मग सांगितलं. मान खाली घालून, सगळं. पाच तारखेचं, सहाचं, रविवारचं.

ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, हसतील असंही वाटलं होतं. दोन्ही केलं नाही. भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो."

"हो."

"गाळाचं चुकलं असेल. पण नळाचं बरोबर होतो."

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, बादली भरली बघ, मोज, थांबू नकोस.

मोजल्या. रविवारच्या तीन धरून चौथी, पाचवी, सहावी. वरच्या मजल्यावर मी पुन्हा गेले नाही, दिवेलागण झाली तरी नाही. देवाला खालूनच हात जोडले. दहावी बादली काठोकाठ भरली नाही, चार बोटं कमी पडली. मी म्हटलं, दहा बादल्या म्हणाला होतात. तर म्हणाले, चार बोटं तळाला गाळ आहे, तांबडा, उद्या बघ. आणि खुर्चीत बसले. पाय हलत होता.

बादल्या: दहा, चार बोटं कमी.

ता. १२, बुधवार

गाळ निघाला. बरोबर तेवढाच, तांबडा.

वहीचं सांगायचं राहिलं होतं. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी चहाबरोबर वही पुढे ठेवली. म्हटलं, मुलाच्या सांगण्यावरून तुमचा विसर यात लिहीत होते. चष्मा वर सारून स्वतः वाचू लागले, मग म्हणाले, तुझं अक्षर सुंदर आहे पण बारीक आहे, तूच वाच. सगळं वाचलं, चहाडीचा शब्दही गाळला नाही. बुटांचं ऐकून म्हणाले, एक काळा एक तपकिरी, असा आणखी एक जोड घरात असेल बघ. वरच्या नळाचं पुन्हा पुन्हा विचारतात, ही ओळ आली तेव्हा मी वही खाली ठेवली. तेव्हा ह्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मी विचारलं, ते पान फाडू का. म्हणाले, फाडायचं नाही. डॉक्टरकडे न्यायची तर सगळी न्यायची. चष्मा खरंच हरवतो, नातीचं नाव खरंच चुकतं, ते लपवून काय मिळणार आहे. फक्त डॉक्टरांकडे द्यायच्या चिठ्ठीवर नाव दोघांचं घाल.

मुलाला फोन केला आणि त्यालाही पाच, सहा, नऊ आणि अकरा तारीख वाचून दाखवली.  तो म्हणाला, आई, रविवारी मला टॉवेल तूच आणून दिलास. म्हटलं, हो रे बाबा. मग म्हणाला, बाबांना दे. दोघांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, हे नुसतं हं हं म्हणत होते. पण शेवटी म्हणाले, "डावीकडच्या कॉकचा वॉशर बघ आधी. नाही, फोन ठेवू नकोस, आत्ताच बघ, मी थांबतो." त्याच्या घरचा नळ दोन महिने गळतो आहे म्हणे. आम्हाला आजच कळलं.

दुपारी पिशवी दाराशी नव्हती. कोपऱ्यात होती. कुणी उचलली ते मी विचारलं नाही. तीन पायांवर चालणाऱ्या माणसानं ती कशी ओढत नेली याची खूण फरशीवर आहे. पुसणार आहे, पण आज नाही.

ता. १४, शुक्रवार

माणसं आली. बाईसाहेबांचा अंगरखा मी आधीच काढून घेतला, त्यात दोन उशांचा कापूस आहे. उचलताना एकजण म्हणाला की इतकी कोरडी रिकामी केलेली टाकी आम्हाला सहसा मिळत नाही, कुणी केली. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी ह्यांच्याकडे. त्याला काय समजायचं ते तो समजला.

दारातून नेताना ह्यांनी तिच्या पाठीवर एकदा हात ठेवला. नवी लहान आहे, पांढरी, भिंतीवर टांगलेली. तिला काय म्हणायचं ते अजून ठरलं नाही. ह्यांच्या मते ती अजून परकी आहे.

ता. १७, सोमवार

मुलगा गाडी घेऊन आला, आता गाडीतच बसले आहे. वही डॉक्टरांच्या हातात जायच्या आधी एवढं लिहिते. डॉक्टर काय म्हणतील ते येऊन. चिठ्ठीवर दोघांची नावं घातली आहेत, आधी माझं.

हे कोट घालून तयार होते, दोन्ही बूट काळे, मी खाली वाकून पाहिले. दाराला कुलूप लावताना म्हणाले, अगं, वरचा नळ बंद आहे ना.

हो, असं तोंडात आलं होतं. सवयीनं किल्ली फिरवलीसुद्धा होती. मग परत फिरवली.

"थांबा," मी म्हटलं, "बघून येते."